कवितेतलं आकाश

तुमची रात्रीच्या आकाशावरची कविता वाचली. चांदणं, लुकलुकणारे तारे, काळी मखमल, सगळं जागच्या जागी आहे. अडचण तीच आहे. या ओळी आकाशाकडे न बघताही लिहिता येतात.

कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ पुन्हा काढा. त्यात मंगळ लाजून लाल होतो, शुक्र पहाटे दारात उभा राहतो, ध्रुव निराश होऊन उत्तरेला ऋषींच्या कुळात जाऊन बसतो. मंगळ खरोखर तांबूस दिसतो, शुक्र पहाटे पूर्वेला उगवतो, सप्तर्षी ध्रुवाभोवतीच फिरतात. कल्पनेला एवढी झेप घेता येते ती या भरवशावर.

तुमच्या दुसऱ्या कडव्यात मात्र पहिल्या पावसाच्या रात्री मृग नक्षत्र चमकतंय. अहो, जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, मृग त्याच्यासोबतच मावळतो, मग रात्री दिसणार कसा? (ढगांचं तर सोडाच.) शुद्ध तृतीयेची कोरही मध्यरात्री नको, ती केव्हाच मावळलेली असते. मृग हवाच असेल तर माघातली संध्याकाळ घ्या. एका ओळीतले तीन तारे म्हणजे या हरणाच्या पोटात घुसलेला बाण. ती रेघ डावीकडे खाली वाढवली की बाण मारणारा व्याध, तो ठळक तारा, सापडतो. या गोष्टीत अख्खी कविता आहे, मखमल कशाला?

आणि ‘अगणित’ तेवढा काढा, तीनदा आलाय.