कोकणातल्या घरासाठी जुनी काच आणि स्थानिक कारागिरी कुठे शोधावी?

गुहागरजवळ नवं घर बांधलंय, त्यात जुन्या काचेच्या वस्तू आणि आजच्या स्थानिक कारागिरांचं काम, दोन्ही हवंय, पण घरोघरी दिसतं तेच नको. मग शोधू कुठे, असा तुमचा प्रश्न आहे. मी देवगड तालुक्यात राहते. या विषयावरून आमच्या घरात जे घडलंय, त्यामुळे उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

दुकानं नंतर. आधी स्वतःच्या, मग मामाच्या, आत्याच्या, चुलत्यांच्या घरचा माळा बघा.

आमच्या घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली आलं. शेर-मापटी, कंदील, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, सासऱ्यांपासून सगळी पोरं ज्यात वाढली तो लाखकामाचा, म्हणजे लाखेचे रंग चढवलेला लाकडी पाळणा, आणि पेंढ्यात ठेवलेल्या दोन काचेच्या हंड्या. एक पांढरी, एक फिकट निळी. निळीच्या गळ्याला पितळी कडं आणि कड्याला तीन साखळ्या. आत पाणी, पाण्यावर तेल आणि तेलावर तरंगती वात, अशा त्या गणपतीत पेटायच्या, हे सासूबाई सांगतात. ती निळी हंडी उजेडाकडे धरली की काचेत लांबट बुडबुडे दिसतात, सगळे एकाच दिशेने ओढलेले. फुंकणीवर काच फिरवत ताणली त्याची ती खूण. काठावरून बोट फिरवलं तर जाडी कुठेही सारखी लागत नाही.

गावात कुणी घर उकललं की जुनं सामान घेणाऱ्यांना वास लागतोच. टेम्पो दारात आला. त्या माणसाने हंडी उलटसुलट करून पाहिली आणि भाव सांगितला तो कड्याच्या पितळेचा, किलोवर. काचेचा एक पैसा नाही. माझे धाकटे दीर तेव्हा मुंबईहून आले होते. ते म्हणाले, “वयनी, ह्यां भंगार कित्याक जपतास?” मी हंड्या उचलून माजघरात नेऊन ठेवल्या. मी मागीलदारी गेले तेवढ्यात पाळणा मात्र टेम्पोत चढला. पुढे गोव्यातल्या एका दुकानात तसल्याच पाळण्यात झाडांच्या कुंड्या मांडलेल्या बघितल्या. किमतीची चिठ्ठी वाचली आणि मला रडू आलं. आमच्या हातात जे पैसे पडले होते, त्यांत त्या पाळण्याची एक दांडीसुद्धा आली नसती.

त्याच पावसाळ्यानंतर याच दिरांनी, म्हणजे भावोजींनी, पुढच्या दोन खोल्यांत होमस्टे काढला आणि सजावटीला शहरातून माणूस आणला. त्याने दोरी गुंडाळलेला आरसा लावला, प्लॅस्टिकचा नांगर आणि जहाजाचं चाक टांगलं, वर भिंतीवर खिळ्यांनी जाळं ठोकलं. “लोकांका समुद्र होयो,” हे भावोजींचं म्हणणं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कलमं राखली, होडी कुणी चालवली नाही. जाळं कोळ्याच्या, गाबिताच्या अंगणात वाळत असतं आणि त्यावर त्याचं पोट असतं. भिंतीवर मारलेलं जाळं कोकणातलं नाही, ते कुठलंच नाही. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं आणि आजही सांगते. तुम्हालाही कुणी ‘कोस्टल थीम’ सुचवली तर सरळ नाही म्हणा.

आता आजच्या कारागिरांकडे वळते. सावंतवाडीला जा आणि घाईने जाऊ नका. राजवाड्यात चितारी बसून काम करताना दिसतात. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२०. ही कला संपत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि नव्या हातांत दिली, म्हणून आज आपण ती विकत घेऊ शकतो. अख्खा संच फ्रेममध्ये कोंबू नका. एका अवताराचे १२ पत्ते एका ओळीत लावा, भिंत उजळते. लाखकामाचे पाट, चौरंग आणि लाकडी फळं चितार आळीत मिळतील. हातकाम आणि स्टिकर यांतला फरक वेलबुट्टीच्या टोकाशी कळतो. कुंचला उचलला तिथे रेघ बारीक होत जाते, छापील नक्षी मात्र शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग पानावर रंगवायचे आणि ती पानं दाखवत कथा गायची, अशी ही परंपरा. तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कला आंगणात जुनी चित्रं आणि कळसूत्री बाहुल्या बघायला मिळतात. चित्र घ्याल तर गोष्ट ऐकून घ्या, नाहीतर घरी आलेल्या पाहुण्याला काय सांगाल? बांबूच्या दिव्यांसाठी आणि फर्निचरसाठी कुडाळचंच कोनबॅक हे बांबूकामाचं केंद्र आहे. तिथलं काम आजच्या घरात शोभेल असं आणि नेटकं असतं. वारली चित्र हवं असेल तर पालघर-डहाणूकडच्या चित्रकाराच्या हातचंच घ्या. कप आणि उशांवर छापलेल्या वारलीचा एक पैसा त्या पाड्यांवर पोचत नाही.

काचेसाठी मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहे, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. तिथे प्रत्येक जुन्या काचेला ‘बेल्जियम’ म्हणतात. त्या शब्दाचे जास्त पैसे देऊ नका. वस्तू उलटी करून बूड बघा. वर्षानुवर्षं फडताळात सरकवलेल्या भांड्याच्या बुडाला बारीक ओरखड्यांचं वलय पडलेलं असतं, आणि ते ओरखडे सगळ्या दिशांना जातात. एकाच दिशेचे असतील तर कुणीतरी मुद्दाम घासलंय. साच्याची शिवण थेट तोंडाच्या काठापर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्रावरची. गोटी सोड्याच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये घेतलं, पण तसल्या बाटल्या अजूनही बनतात. नुसती गोटी बघून जुनी समजू नका.

आणि परदेशी झुंबराच्या मागे लागण्याआधी आपली काच शोधा. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा १९१६ चा. ओगल्यांचा प्रभाकर कंदील कोकणातल्या कितीतरी पडव्यांत जळला. एक मिळाला तर मी युरोपातल्या बोहेमियाची काचेची फुलदाणी सोडून तो घेईन.

जुनी काच राखेने घासू नका, चरे पडतात. टबात तळाशी जाड टॉवेल, कोमट पाणी, रिठा, एवढं पुरतं. पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरने जातो. आपल्या दमट हवेने काचच आतून मळकट झाली असेल तर ती उजळत नाही, म्हणून विकत घेताना ओली करून नव्हे, कोरडी करून बघा. ओल्या काचेवर तो दोष लपतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत बंद ठेवू नका, कागद ओल धरून ठेवतो.

आमची निळी हंडी मी पडवीत लावली, आत कमी वॅटचा एलईडी. पाणी-तेल फक्त गणपतीत. होमस्टेला येणारे आधी तिच्याखाली उभे राहतात आणि ती कुठली म्हणून विचारतात. आरशाबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही, हे भावोजींनाही माहीत आहे.

काही सांगायचं राहिलं. जुन्या बरण्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, म्हणून त्या शोभेला ठेवा, लोणचं नव्या बरणीत घाला. लाखकाम उन्हात आणि पागोळ्यांखाली टिकत नाही. १०० वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेषात, म्हणजे कायद्याने राखलेल्या जुन्या वस्तूंत, मोडू शकते. तशी वस्तू परदेशातल्या मुलाला पाठवता येत नाही.

आणि कोकणातल्या एखाद्या घरातून थेट काही घेणार असाल, तर विकणाऱ्याला विचारा, घराचे हिस्सेदार किती आणि सगळ्यांना हे ठाऊक आहे का. वहिनी, आत्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणी यांनाही विचारलंय का, हेही विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर वस्तू तिथेच ठेवून या.