अर्धा हिस्सा घ्यायच्या आधी सहा महिने नुसतं सोबत काम करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही पॅकेजिंग डिझाइनचं काम करता, तुमची बरीचशी छपाई ज्या मित्राच्या प्रेसमध्ये जाते त्याला नवीन मशीन घ्यायचंय आणि तो म्हणतोय तुझ्या सेव्हिंगमधले ७० टक्के टाक, अर्धी प्रेस तुझी, नफा निम्मा निम्मा. घरात कमावणारे तुम्ही एकटेच आहात. टाकू का?

आत्ता नका टाकू. पण त्याला नाही पण म्हणू नका, कारण जोडी चांगली जमतेय, तुमच्या क्लायंटला छपाई लागते आणि त्याच्याकडे जे लोक येतात त्यातल्या बऱ्याच जणांकडे धड डिझाइन नसतं, म्हणजे दोघांना दोघांची गरज आहे. फक्त त्यासाठी प्रेसच विकत घ्यावी लागते हे कुठून आलं?

आधी त्या ५० टक्क्यांचं बघू. तुमचा पैसा त्याच्या खिशात न जाता धंद्यात जाणार असेल आणि तरी तुम्हाला अर्धा हिस्सा मिळत असेल, तर त्याने न बोलता आजच्या धंद्याची किंमत बरोब्बर तुमच्या रकमेइतकी धरली आहे. असेलही तेवढी. पण जुनं मशीन किती झिजलंय, त्यावरचं कर्ज किती राहिलंय, लोकांकडून येणं किती आणि त्यातलं खरंच किती येईल, कायमच्या ग्राहकांचं मोल किती, हे सगळं धरून निव्वळ किती उरतं ते कोणी मोजलंय का? समजा तुमचे १०० आणि धंद्याचे निघाले ६०, तर तुमचा हिस्सा ५० नाही, साडेबासष्ट टक्के व्हायला हवा. निघाले १५० तर ४० टक्केच होतो, म्हणजे मग तोच नुकसानीत जातोय. हे विचारलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, भीड भिकेची बहीण, आणि आज वाईट वाटलेलं परवडतं.

आता नफ्याचं. निम्मा निम्मा ऐकायला छान वाटतं पण तो दिवसभर प्रेसवर उभा राहणार आणि तुम्ही आठवड्यातून दोनदा जाणार, मग वर्षभराने त्याच्या मनात काय येईल? श्रम वेगळे, भांडवल वेगळं, जोखीम वेगळी, आणि तिन्हींचा मोबदला वेगळा काढायचा. उदाहरणार्थ मालकांनी काहीही उचलायच्या आधी वर्षाला १०० उरले, तर त्यातून आधी त्याचा पगार ३५ आणि तुमचा १५, मग भांडवल दोघांचं सारखं धरून त्यावर व्याज पाच पाच, आणि राहिलेले ४० निम्मे निम्मे. त्याला ६०, तुम्हाला ४०, आणि कोणाचीच कुरकुर नाही. वर्ष वाईट गेलं आणि ५०च उरले तर पगारातच संपतात, वाटायला काही नाही, हे पण आधीच बोलून ठेवलेलं बरं. हा प्रश्न काही नवा नाही बरं का, मध्ययुगात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जी भागीदारी असायची त्यात घरी बसणारा दोन तृतीयांश भांडवल घालायचा, जहाजावर जाणारा एक तृतीयांश, आणि नफा अर्धा अर्धा, कारण जाणाऱ्याची मेहनत हिशोबात धरलेली असायची.

तुम्ही लिहिलंय की मोठ्या कंपन्या पण दोन मित्रांनीच सुरू केल्या की, ॲपल बघा. ॲपलच्या १९७६च्या पहिल्या करारावर सह्या तीन होत्या. तिसरा रोनाल्ड वेन, १० टक्क्यांचा भागीदार, १२ दिवसांत बाहेर पडला, कारण साध्या भागीदारीत धंद्याचं कर्ज भागीदाराच्या घरापर्यंत येतं आणि तिघांत जप्त होण्यासारखं काही असलं तर ते त्याच्याकडेच होतं. पुढे त्याने काय गमावलं ते सगळे सांगतात, पण त्या दिवशीच्या त्याच्या परिस्थितीत मला तो अगदीच चुकला असं वाटत नाही. तुमची परिस्थिती बरीचशी तशीच आहे. त्यामुळे कधी शिरलातच तर मर्यादित जबाबदारी असलेल्या रचनेतच शिरा, आणि मित्राच्या जुन्या कर्जाला पर्सनल गॅरंटी देऊ नका, नाहीतर त्या मर्यादेला काही अर्थच उरत नाही.

मी काय करेन सांगतो. पहिले सहा महिने फक्त कामाचा करार. तुमच्या कामाला ठरलेला रेट आणि मशीनवर पहिला नंबर, त्याच्या ग्राहकांना तुमचं डिझाइन, आणि जो काम आणेल त्याला त्या कामावर ठरावीक टक्के कमिशन. हिशोब दर महिन्याला लेखी, तोंडी वजावट नाही. सहा महिन्यांनी कळेल की काम खरंच दोन्हीकडून येतंय की एकाच बाजूने वाहतंय, आणि एकाच बाजूने वाहत असेल तर बरोबरीची पार्टनरशिप कशाला?

त्यानंतर पैसे. १२ महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला, त्याला हातच लावायचा नाही, सगळी सोंगं आणता येतात पैशाचं आणता येत नाही. उरलेल्यातला जास्तीत जास्त एक तृतीयांश, तोही सरळ हिस्सा म्हणून नाही, तर मशीन तारण ठेवून कर्ज म्हणून, आणि दोन वर्षांनी ठरलेल्या पद्धतीने किंमत काढून ते हिश्श्यात बदलायचा हक्क तुमच्याकडे. त्याला मशीनच्या बाकीच्या पैशांसाठी बँकेचं कर्ज किंवा लीज घ्यावी लागेल, आणि बँकही मशीन तारण मागेल, तेव्हा पहिला हक्क कोणाचा ते आधी स्पष्ट करून घ्या. बँक त्याला उभंच करत नसेल तर का करत नाही हे तुम्हाला कळायलाच हवं.

बाहेर पडायचं कलम मात्र नीट वाचा. बरेच जण असं लिहितात की भांडण झालं तर एकाने भाव सांगायचा आणि त्याच भावाला घ्यायचं की विकायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. वरवर एकदम न्याय्य, पण ज्याच्याकडे त्या वेळी रोकड आहे त्याचीच यात चांदी, तो मुद्दाम कमी भाव सांगतो कारण समोरचा विकत घेऊ शकत नाही हे त्याला माहीत असतं. सगळं सेव्हिंग मशीनमध्ये घातलं तर तो समोरचा तुम्ही. त्यापेक्षा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर हिश्श्याच्या किमतीचं सूत्र ठरवा, पैसे हप्त्याने द्यायची सोय ठेवा, आजारपण आणि मृत्यू त्यात घाला.

या आठवड्यात त्याच्याकडून तीन वर्षांचा ताळेबंद, कर्जाचं स्टेटमेंट आणि ९० दिवसांवर थकलेल्या येण्यांची यादी मागून घ्या. ते आकडे पाठवलेत की मशीनच्या कर्जाला व्याज किती लावायचं ते ठरवू.