मातीच्या पोकर चिपमागे कॅसिनो किती पैसे मोजत असेल?

अमेरिकेतले कॅसिनो मातीच्या पोकर चिप्ससाठी, म्हणजे खेळताना पैशांऐवजी वापरायच्या आणि नंतर कॅसिनोकडून रोख करून घ्यायच्या चकत्यांसाठी, उत्पादकाला किती पैसे देत असतील आणि बाहेरच्या माणसाने त्याचा अंदाज कसा बांधावा, असे आपण विचारले आहे. चिप्स जमवणारा आणि त्यांच्या घडणीचा अभ्यास करणारा या नात्याने मी मोठ्या मागणीतल्या सर्वसाधारण चिपसाठी एक ते दीड डॉलर असा अंदाज धरतो. हा आकडा कुठून येतो, ते सविस्तर सांगतो.

थेट भाव विचारून उपयोग होत नाही. पॉलसन या ब्रँडच्या चिप्स बनवणारी गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल ही कंपनी त्या चिप्स केवळ परवानाधारक कॅसिनोंना विकते. 2019 मध्ये जपानच्या एंजल समूहाने ती विकत घेण्यापूर्वी ती नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर नोंदलेली होती, त्यामुळे तिचे जुने वार्षिक अहवाल आजही वाचता येतात. त्यांत चिप्सच्या विक्रीची रक्कम आहे, पण नगांची संख्या नसल्यामुळे नुसत्या भागाकाराने उत्तर निघत नाही.

म्हणून चिपच्या घडणीकडे वळावे लागते. सुमारे 39 मिलिमीटर व्यासाच्या आणि साधारण 10 ग्रॅम वजनाच्या या चकतीत माती हा अनेक घटकांपैकी केवळ एक असतो, आणि एवढ्याशा मालाची किंमत फारशी नसते. खरा खर्च मजुरीचा आहे. चिप कडेवर उभी धरून पाहिली, तर कडेवरचा रंगीत पट्टा एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार गेलेला दिसतो. तो रंगवलेला नसतो. मूळ चकतीचा तेवढा भाग कापून काढून तिथे दुसऱ्या रंगाचा तुकडा हाताने बसवलेला असतो, आणि मग मधल्या छापील इनलेसह (चिपच्या मधोमध बसवलेल्या लेबलासह) ती चकती तापलेल्या साच्यात प्रचंड दाबाखाली एकजीव केली जाते. त्यामुळे तुकडे आणि रंग वाढले की भाव वाढतो. चिपवर 5 छापले आहे की 500, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. मोठ्या रकमेच्या चिप्स महाग पडतात त्या मुख्यतः अधिक तुकड्यांमुळे, अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या खुणांमुळे आणि आत बसवलेल्या, रेडिओ लहरींनी चिपची ओळख पटवणाऱ्या आरएफआयडी टॅगमुळे.

वरची मर्यादा खासगी बाजारातून मिळते. घरगुती खेळासाठी काही शे चिप्सची मागणी घेणारे छोटे उत्पादक तुकड्यांच्या गुंतागुंतीनुसार एका चिपला साधारण एक ते तीन डॉलर लावत आले आहेत. कॅसिनोची मागणी याच्या कितीतरी पट मोठी असते, तेव्हा तशाच घडणीच्या चिपसाठी तो यापेक्षा जास्त देत असेल, असे मानायला मला आधार दिसत नाही. अर्थात, प्रत्येक कॅसिनोचे डिझाइन स्वतंत्र असते, नेवाडात ते नियामकांकडून मंजूर करून घ्यावे लागते, आणि उरलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही. त्यामुळे मोठ्या मागणीची सूट आपल्याला वाटते तितकी खोल जात नसावी.

एकूण खर्च काढताना आणखी एक गोष्ट धरावी लागते. न्यू जर्सीत कॅसिनोला वेगळ्या डिझाइनचा राखीव संचही ठेवावा लागतो, म्हणजे टेबलावर दिसतात त्याहून बऱ्याच अधिक चिप्स विकत घ्याव्या लागतात. समजा, दोन्ही संच मिळून दोन लाख चिप्स घेतल्या, तर माझ्या अंदाजाने खर्च दोन ते तीन लाख डॉलर होईल.

या हिशेबात मला सर्वांत लक्षणीय वाटते ती एक डॉलरची चिप. पाहुण्याने शंभर डॉलरची चिप आठवण म्हणून कायमची घरी नेली, तर कॅसिनोचे देणे तेवढ्याने टळते आणि बनवण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो. एक डॉलरची चिप गेली, तर मिळालेला डॉलर बहुधा नवी चिप घेण्यातच संपतो.