गिरणीचा जमाखर्च गावातून मांडताना

सप्रेम आशीर्वाद.

मुंबईच्या कापडगिरण्यांत गेलेल्यांच्या कोकणातल्या घरांवर तू करणार आहेस त्या अभ्यासाचा आराखडा वाचला. ‘गिरण्यांनी कोकणाचं भलं केलं की वाटोळं?’ हा मथळा आधी खोडून टाक. गाव म्हणजे एक माणूस नव्हे, आणि गिरणीही कायम एकसारखी राहिली नाही. 1856 मध्ये ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली तेव्हा होती तशी ती 1936 मध्ये नव्हती. म्हणून प्रत्येक घराला एवढंच विचार: कोणत्या साली, घरातल्या कोणाला, काय मिळालं आणि त्याचा खर्च कोणी सोसला? माझं मत असं, की पगार मुंबईनं दिला; पण माणूस वाढवणं, त्याचं आजारपण, बायकोचं बाळंतपण आणि त्याचं म्हातारपण हे सगळं गावच्या भातशेतीनं आणि तिथल्या बाईनं उचललं. हे माझं मत म्हणून बाजूला ठेव आणि कागदांत काय दिसतं ते पाहा.

एक खबरदारी. 1911 च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या गिरणीकामगारांत जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यातले होते. मात्र तेव्हाच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग धरलेला आहे, सावंतवाडी वेगळं संस्थान होतं, आणि रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना इथेच गफलत होते.

सुरुवात घरातल्या जुन्या कागदांच्या ट्रंकांपासून कर. टपालाची मनिऑर्डर 1880 मध्ये सुरू झाली. पैसे पाठवणाऱ्याकडे पावती आणि परत आलेली पोच राहायची. गावात राहायचं ते कूपन, म्हणजे फॉर्मचा फाडून दिलेला तुकडा. त्यावर रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव आणि दोन-चार ओळींचा मजकूर असतो. त्या ओळींना रकमेइतकंच महत्त्व दे. ‘खोताचे देऊन उरतील त्यात कौलं बघा’ अशा एका ओळीत पैसा कुठे गेला ते कळतं (खोत म्हणजे गावचा सारा गोळा करणारा वतनदार). कूपनं तारखेनं लाव आणि एकही मनिऑर्डर नसलेले महिने मोकळे ठेव. संप, आजारपण, बदलीत (गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज मिळणाऱ्या कामात) दिवस न मिळणं किंवा माणूस स्वतःच गावी आलेला, यांपैकी काय झालं होतं ते घरच्यांना विचार. 1928 च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये खंड दिसला तर तो बहुधा मुंबईच्या गिरण्यांच्या मोठ्या संपाचा. शिवाय गावाला येणाऱ्याच्या हाती पाठवलेले पैसे, कापड, कंदील यांची नोंद कूपनात नसते, म्हणून बेरजेला ‘निदान एवढे’ असंच म्हण.

आजच्या रुपयांत हिशोब करू नकोस, तांदळात कर. त्याच सालची वाण्याची वही मिळाली तर त्या मनिऑर्डरीत किती पायली तांदूळ आला असता ते काढ. पायलीचं माप भागाभागात वेगळं असायचं, तेव्हा वहीतली पायली किती शेरांची ते आधी विचार. 1942 नंतरची दोन-तीन वर्षं वेगळी ठेव. ब्रह्मदेश पडला, रंगूनचा तांदूळ बंद झाला आणि भाव कुठल्या कुठे गेले.

पगाराबद्दल ‘किती होता?’ असं विचारलंस की फुगवलेला आकडा मिळतो. ‘हातात किती पडायचे आणि कोणत्या तारखेला?’ असं विचार. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर मिळण्याची रीत होती. नवा माणूस एक तारखेला लागला तर पहिले दीड महिने खाणावळ उधार, वाणी उधार. मुकादमाची दस्तुरी (कामासाठी त्याला द्यायचे पैसे) वेगळी, कारण साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला घेणारा आणि काढणारा तोच. उधारी भागेना की सावकार आला. दर महिना रुपयाला आणा हा सर्रास दर. तो वर्षाला पंचाहत्तर टक्के होतो. त्यात दंड, आणि बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापणं. 1936 च्या पगारवाटप कायद्यानं पगाराची तारीख बांधली आणि दंडाला रुपयाला अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. म्हणून 1936 आधीची आणि नंतरची घरं एका यादीत मिसळू नकोस.

कामाच्या तासांचंही तसंच. 1881 च्या कारखाना कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि सात ते बाराच्या मुलांना नऊ तास ठरवले. पुरुषांबद्दल अक्षर नाही. दरम्यान गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला संपणारा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. यंत्रानं श्रम वाचवले असं लिहिण्याआधी हे ध्यानात घे. रविवारची सुट्टी कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीनंतर 10 जून 1890 ला मिळाली. पुरुषांना बारा तासांची मर्यादा 1911 मध्ये, आठवड्याला साठ तास 1922 मध्ये. सुताचा धागा यंत्रानं काढला; हे तास मात्र माणसांनी भांडून आणि संप करून कमी केले, आणि त्यात दोन पिढ्या गेल्या.

माहिती वाडीवार, म्हणजे गावातल्या जातवार वस्त्यांप्रमाणे, घे. त्याचं कारण साच्याजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. धोट्यातली (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली) सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून धागा ओढून घेतो. एका कांडीचं सूत काही मिनिटांत संपतं, म्हणजे हे दिवसभर. कापसाचा बारका फुफाटा पोटात जातो, आधीच्या माणसाची थुंकी तोंडात येते. हे उष्टं चालणार नाही म्हणून दलितांना साचाखात्यात घेत नसत, आणि चांगला पगार तिथंच. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला. एकाच गावातून एकाच बोटीनं गेलेले दोघे, पण एक साचाखात्यात, दुसरा त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत. पुढं दोघांच्या घरांत जो फरक दिसतो त्याचं मूळ कधीकधी एवढ्याशा भोकात असतं.

तरीही सगळा काळाच रंग फासू नकोस. ज्याची भातजमीन तुटपुंजी, वरकसावर (उताराच्या हलक्या जमिनीवर) नाचणी-वरी, पिकाचा मोठा वाटा खोताचा, त्याला रोख पैसा म्हणजे काय हे आज कळणं कठीण. रोख हाती असली की वेठीला नाही म्हणता येतं, पोराला शाळेत ठेवता येतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाच्या धंद्यापुढे ‘मुंबईस नोकरी’ असं दिसलं तर ती मुलं कितवीपर्यंत टिकली आणि शेजारच्या कुळाची कितवीपर्यंत, एवढी तुलना पुरे. खोती 1949 च्या कायद्यानं गेली. त्यानंतरच्या फेरफारांत, म्हणजे जमिनीची मालकी बदलल्याच्या तलाठ्याकडच्या नोंदींत, गिरणीच्या पैशानं घेतलेली जमीन सापडते का पाहा. घरांवरची मंगलोरी कौलं मोज, पण सगळी गिरणीच्या नावावर टाकू नकोस.

आता आजारपण. पिंजणी आणि कार्डिंग खात्यात धूळ सर्वांत जास्त. तिथल्या माणसाला नुसतं ‘दमा होता का?’ विचारून भागत नाही, कारण दमा, क्षय, विडीचा खोकला सगळं एकाच शब्दात जातं. ‘सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची आणि पुढच्या दिवसांत सैल व्हायची का?’ असं विचार. उत्तर ‘हो’ आलं तर संशय कापसाच्या धुळीवर. पुढं ते आवळणं रोजचं होतं, माणूस काम सोडतो आणि मरायला गावी येतो. मग मृत्यूची नोंद गावच्या वहीत. गिरणीच्या कागदात तो फक्त ‘काम सोडून गेला’.

बाईचं काम मोजायला बोटीचं वेळापत्रक लागेल. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं पावसात बंद. लावणीला हजर राहायचं तर पाऊस काढूनच परत जाता येई, आणि तोवर साचा दुसऱ्याकडे गेलेला, म्हणजे पुन्हा बदलीत उभं राहायचं. म्हणून बरेच जण यायचेच नाहीत. राब भाजणं, लावणी, बेणणी, गुरं आणि सासू-सासरे तिच्या अंगावर. याची पावती कुठल्याच ट्रंकेत नाही. म्हाताऱ्या बायकांकडून पावसाळ्यातला एक दिवस पहाटेपासून तासातासानं लिहून घे, आणि त्या कामाला गडी लावला असता तर किती मजुरी पडली असती ते त्या सालच्या दरानं काढून मनिऑर्डरीशेजारी मांड. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, एवढी पुरुषांनी मुंबईला जायची ती रीत लांब चालली.

पहिल्या फेरीला दहा घरं पुरेत: चार साचेवाल्यांची, चार इतर खात्यांची, आणि दोन अशी, जिथून कोणीच मुंबईला गेलं नाही. ही शेवटची दोन सगळे विसरतात, आणि मग तुलना कशाशी करायची तेच उरत नाही. मे महिन्यात जा, चाकरमानी घरी असतात. गणपतीत कोणाला बोलायला सवड नसते. कूपनं जागेवरच सपाट ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढ आणि ट्रंकेत होती त्याच क्रमानं परत ठेव. घडीवर ती फाटतात, तेव्हा ओढून उलगडू नकोस.