चुकीचे बटण दाबणाऱ्या माणसाविषयी

ठाणे

अनेक आशीर्वाद.

ऐरोलीच्या नव्या नोकरीत परदेशी ग्राहकांसाठी तिकीटयंत्रांचे पडदे आखण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, आणि चाचणीला आलेली माणसे भलतेच बटण दाबतात तेव्हा तुला त्यांचा राग येतो, असे तू लिहितोस. राग आवर आणि त्या हाताला ती सवय कोठे लागली, याचा आधी शोध घे.

आपल्या घोडबंदर रस्त्यावरच पाहा. मारुती, ह्युंदाई किंवा टोयोटाच्या गाडीत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, तर फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाडीत ती डावीकडे असते. जपानमध्ये चालक आपल्यासारखाच उजवीकडे बसतो आणि त्याचा डावा हात गिअरवर गुंतलेला असतो, म्हणून उजवीकडची दांडी त्याच्या सोयीची. जर्मनीत सारेच उलटे, आणि तिकडची गाडी आपल्याकडे आली तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे सरकले, दांडी मात्र होती तेथेच राहिली. त्यामुळे गाडी बदललेला मुरलेला चालकही कापूरबावडीला वळताना कोरड्या काचेवर वायपर फिरवतो. त्यातून ब्रिटनमध्ये चालक उजवीकडे बसत असूनही दांडी बहुधा डावीकडेच असते, म्हणजे नुसत्या तर्काने येथे निभाव लागत नाही.

दिव्याचा खटका आपल्याकडे खाली केला की दिवा लागतो, अमेरिकेत वर केला की. तेथील लिफ्टमध्ये 1 म्हणजे बहुधा आपला तळमजला. हे फरक निदान एकदा फसल्यावर लक्षात राहतात.

चिन्हांचे तसे नाही. जपानी शिक्षक बरोबर उत्तराला गोल करतात आणि आपल्याकडे चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल पडतो. प्लेस्टेशन या व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या बटणांवर जपानमध्ये गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार असे, तर अमेरिकेत आणि युरोपात फुलीनेच होकार दिला जाई. 2020 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 पासून जपानलाही फुलीचा होकार स्वीकारावा लागला. एकसारखेपणा आला खरा, पण त्याची किंमत ज्यांची सवय मोडली त्यांनी मोजली, हे मला फारसे न्याय्य वाटत नाही.

तू पाठवलेल्या आराखड्यात होकार आणि नकार केवळ खुणांनी दाखवले आहेत. दोन्ही बटणांवर ग्राहकाच्या भाषेत शब्द लिही, आणि पैसे वजा होण्यापूर्वी एक पाऊल मागे येण्याची सोय ठेव. चाचणीच्या नोंदीत ‘वापरकर्त्याची चूक’ असा जो रकाना आहे, तो काढून त्या जागी ती व्यक्ती आजवर कोणत्या देशातील कोणते यंत्र वापरत आली, हे विचारून लिहीत जा.