जागा जेमतेम 4 बाय 8 फूट आहे. उंच वाफा करून त्यात दाटीने भाजीपाला लावला तर निघेल का?

निघेल की. फक्त वाफ्याची रुंदी 4 फुटांच्या वर नेऊ नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. एक बाजू भिंतीला लागून असेल तर 2 फूटच ठेवा. वाफ्यात पाय ठेवायचाच नाही. सगळी गंमत त्यातच आहे: माती दबत नाही, मुळं खाली उतरतात, म्हणून रोपं जवळजवळ लावता येतात. खोली फूटभर पुरे, पालेभाज्यांना 8 इंचही चालते.

सरळ ओळी विसरा, रोपं तिरकस, एकाआड एक लावा. एका चौरस फुटात मुळा किंवा गाजर 16, पालक 9, पण टोमॅटो एकच. टोमॅटोची गर्दी करू नकाच. हवा खेळली नाही की पानांवर रोग आलाच. त्याला काठीवर चढवा आणि उत्तरेच्या कडेला लावा (दक्षिण गोलार्धात असाल तर उलट), म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही.

कोबीचं रोप पसरेपर्यंत मधल्या जागेत मुळा लावा. साधारण महिन्याभरात तो उपटून होतो, तोवर कोबीला जागा लागतच नाही.

दाट लागवड खाते भरपूर, तेव्हा प्रत्येक पिकानंतर इंचभर कंपोस्ट पसरा. उंच वाफा लवकर सुकतो. वरची माती बघून फसू नका, बोट दोन पेरं आत घाला. टोकाला ओल लागली नाही तर पाणी द्या. वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकलंत तर हे काम बरंच कमी होईल.