ऑलिव्हचा चोथा आणि आपली पेंड

प्रश्न : ताई, माझी मुलगी गेल्या वर्षीपासून इटलीत पुलिया प्रांतात शिकते. ती ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या आजोबांची ऑलिव्हची तीनेकशे झाडं आहेत. नोव्हेंबरात तेल काढून आणलं, सोबत ट्रॉलीभर चोथाही परत आला. तो गोठ्यामागे पडून आहे. मी फोनवर म्हटलं, अगं, आपण नाही का घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड आणून कुंड्यांना घालत? तसं झाडांना घाला म्हणावं. आजोबा नको म्हणाले. चोथा टाकतो तिथे गवतही येत नाही, म्हणाले. असं का? आणि आता मलाच शंका येते आहे. या पावसाळ्यात माझे दोन मोगरे गेले, ते पेंडीमुळे तर नसतील?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे, ताई. ओला चोथा तसाच मातीत घातला तर बी रुजत नाही आणि कोवळी मुळं करपतात.

आपण घाण्यात कोरडं बी घालतो. ऑलिव्हचं अख्खं फळच भरडतात. साल, गर आणि बोराच्या आठळीसारखी कडक बी, सगळं एकत्र. शंभर किलो फळांतून तेल निघतं साधारण १५ ते २० किलो. बाकीचं सगळं मागे राहतं. स्पेनमध्ये १९९०च्या दशकात नवी यंत्रं आली, त्यात वरून पाणी जवळजवळ घालावंच लागत नाही. पण मग फळातलं पाणी चोथ्यातच राहतं आणि त्यात ६०-७० टक्के ओल असते. वाटलेल्या चटणीसारखा, ढीगही नीट न लागणारा चोथा.

पण ओल ही मुख्य अडचण नाही. चांगलं ऑलिव्ह तेल चाखलं की घशाशी तिखट लागतं, ते त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या कडवट द्रव्यांमुळे. फळातल्या या द्रव्यांचा फार थोडा वाटा तेलात उतरतो, बाकी सगळी चोथ्यात आणि पाण्यात जातात. बाटलीत ज्याचे आपण जास्त पैसे मोजतो, तेच मातीत साचलं की मुळांना सोसत नाही आणि मातीतल्या जिवाणूंनाही सोसत नाही. गवत येत नाही ते यामुळे.

तरी आजोबांना सांगा, तो ढीग फुकट घालवू नका, कुजवून त्याचं खत करा. सुकवलेल्या चोथ्यात पालाश २ टक्क्यांच्या आसपास असतं आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर. नत्र मात्र जेमतेम १ टक्का. शेंगदाण्याच्या पेंडीत ते ७ टक्के असतं, म्हणजे चोथ्याला नत्राची जोड हवी. मेंढ्यांचं किंवा कोंबड्यांचं खत मिळालं तर उत्तम. अंदाजाने दोन भाग चोथा, एक भाग खत, एक भाग ऑलिव्हचाच पाला नि काड. पाला घाण्यावर आयता मिळतो, कारण फळं धुताना तो वेगळा काढतात. काड-पाला घालायला विसरू नये. नुसता चोथा घट्ट बसतो, आत हवा जात नाही आणि आंबूस वास सुटतो. पहिले दोन महिने दर दोन-तीन आठवड्यांनी ढीग उलथायचा. आत हात घालवणार नाही इतका तो तापतो, साठ अंशांपर्यंत. तापू द्यावा. सहा ते नऊ महिन्यांत मातीचा वास येऊ लागेल.

तयार झालं का हे कसं ओळखायचं? जगभर यासाठी प्रयोगशाळांमध्ये एक बी वापरतात, ते म्हणजे आपलं अळीव, बाळंतिणीच्या लाडवातलं! मूठभर खत दहापट पाण्यात भिजवून गाळायचं. एका बशीत त्या पाण्याने भिजवलेला कागद, दुसरीत साध्या पाण्याने, दोन्हींवर वीस-वीस दाणे. तीन दिवसांनी मुळं सारखी लांब दिसली तर खत झाडांना घालायला हरकत नाही. खताकडची मुळं आखूड, टोकाशी तपकिरी असली तर आणखी महिनाभर थांबावं. मुलीला पुढच्या पार्सलात अळिवाची पुडी पाठवा.

एक सूचना. घाण्याचं पाणी नि चोथा शेतात पसरण्यावर इटलीत १९९६ सालचा कायदा आहे. पाण्याला तर हेक्टरी मर्यादा ठरलेली आहे आणि पसरण्याआधी गावच्या मेयरला कळवावं लागतं. आजोबांना हे माहीत असणारच. खटपट नको असेल तर चोथा विकताही येतो. कारखान्यात त्यातून द्रावकाने उरलंसुरलं तेल काढून शुद्ध करतात. आपल्या ठाण्यातल्या दुकानांत ‘ऑलिव्ह पोमेस ऑइल’ लिहिलेली बाटली दिसते ना, ते हेच. आणि फळाची बी वेगळी करून तिथे थंडीत बंबात जाळतात.

आता मोगरा. मी आधी माझं सांगते. माझ्या आजोळी मुरबाडला घाणा होता, त्यामुळे पेंड म्हणजे सोनं हे लहानपणापासून ऐकलेलं. लग्न होऊन चरईत आले तेव्हा गच्चीवर चाळीस मिरच्यांची रोपं लावली आणि घाण्यावरची ताजी पेंड मूठ-मूठ प्रत्येकीच्या बुंध्याशी दाबली. जुलै होता. चौथ्या दिवशी खालची पानं पिवळी. एक रोप उपटलं तर पेंडीवर कापसासारखी पांढरी बुरशी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, माती हाताला कोमट आणि नाकात झोंबणारा अमोनियाचा वास. मुळं बोटांत धरली तर साल निघून आली. चाळिसातली सहा जगली. पेंड वाईट नव्हती. तिचं काम मातीत मिसळून, कुजून झाल्यावर सुरू होतं आणि मी ते मुळाशी सुरू केलं होतं.

तुमच्या मोगऱ्यांचंही बहुधा हेच झालं. पावसाळ्यात कुंडी आधीच निथळत नाही, त्यात पेंड सडते आणि मुळांना हवा मिळत नाही. जून ते सप्टेंबर पेंड घालूच नका. ऑक्टोबरनंतर बारा इंची कुंडीला दोन चमचे कुटलेली पेंड, बुंध्यापासून चार बोटं लांब, वरच्या मातीत नीट मिसळून, वर पालापाचोळा. पुन्हा दीड महिन्याने. आणि घरात पेंड साठवताना डबा कोरडा हवा. दमट शेंगदाणा पेंडीवर अफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी धरते. तशी पेंड गाईम्हशींना मुळीच घालू नये, कारण ते विष दुधात उतरतं. बुरशी दिसली की ती पेंड गोठ्यासाठी कुणाला देऊ नका.

प्रश्न : नर्सरीतून एरंडीची पेंड आणून गुलाबाला घातली. आमचा कुत्रा सारखी तीच कुंडी उकरतो. काही धोका आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. एरंडीच्या तेलात नाही, पण पेंडीत रिसिन नावाचं विष राहतं, आणि कुत्र्यांना तिचा वास आवडतो. हे वाचताच त्या कुंडीतली वरची माती काढून पिशवीत बांधा. उरलेली पेंड घरात ठेवू नका, गुलाबाला कडुलिंबाची पेंड चालेल. कुत्र्याच्या पोटात थोडी जरी गेल्याची शंका आली तरी उलटी होण्याची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. जाताना पेंडीचं पाकीट बरोबर न्या.